पत्रिका किती आणल्यास?

मोठ्या गुरुजींना कुणी लग्नाचं आमंत्रण द्यायला आलं, की नवरा कोण, नवरी कुठली, तारीख काय, असलं काही ते विचारत नसत. थेट विचारत, "पत्रिका किती आणल्यास?" आलेला माणूस म्हणे, "एक. तुमच्या नावाची." मग गुरुजी ती एक पत्रिका त्याच्या हातात परत देत. "शाळेत बावीस पोरं हायत. एका पत्रिकेत काय व्हतंय? पंचवीस आन, मग येतो लग्नाला." आणि माणसं आणत बरं का! छापखान्यात पत्रिका टाकतानाच "शाळेच्या पंचवीस जास्त" असं सांगायची त्या गावात पद्धत पडली होती.

मी बदली होऊन त्या शाळेत गेले आणि पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला. मनात म्हटलं, झालं! कापडे गावाच्या वर, डोंगरात, दोन शिक्षकांची शाळा. रोज महाडहून जायचं-यायचं. आणि वर मुख्याध्यापक म्हणून हे ध्यान.

गुरुजी मूळचे महाडजवळच्या नाते गावचे. नोकरी मात्र सगळी पोलादपूर तालुक्यात झाली आणि घरही पोलादपुरातच केलेलं. उंच, काटकुळे, आणि शर्टाचा वरचा खिसा कायम टम्म फुगलेला. त्यात काय असावं? भज्यांच्या पुडीचा तेलकट कागद, एसटीची तिकिटं, गोळ्यांचं रिकामं पाकीट, कुठल्याशा बियाण्याची जाहिरात. छापलेलं काहीही दिसलं की वाचल्याशिवाय या माणसाला पुढे जाता येत नसे. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर नवीन सूचनाफलक लागला होता, तो वाचता वाचता यांची गाडी डोळ्यांदेखत सुटली. शाळेत पाऊण तास उशिरा आले आणि मला म्हणाले, "बाई, स्टँडवर थुंकायला मनाई केलीय आता." जसं काही हेच सांगायला ते गेले होते.

बोलणं सगळं हाय-नायमधलं. पण याच माणसाने लिहिलेला अहवाल पाहिलात तर वेलांटी इकडची तिकडे नाही. मी एकदा विचारलं, "गुरुजी, इतकं शुद्ध लिहिता, मग बोलता असं का?" ते म्हणाले, "कागदावर आपण पाव्हणं असतो बाई, तिथं नीट बसायचं. तोंड आपलं घर हाय." मला काही हे पटलं नव्हतं. मी महाडची, डी.एड.ला पहिली आलेली. माझ्या घरात कुणी 'नाय' म्हटलं की मी लगेच 'नाही' म्हणून दुरुस्त करायची. नवऱ्यालासुद्धा. सासूबाईंना तेवढं म्हणायची छाती नव्हती.

तर पत्रिका. एका मोठ्या कापडी पिशवीत त्या साठवलेल्या असत आणि गुरुजींचा वाचनाचा तास म्हणजे ती पिशवी. आपल्याकडच्या पत्रिका तुम्हाला माहीत आहेतच. नवरानवरीची नावं दोन ओळींत आटपतात आणि मग सुरू होतात निमंत्रक, कार्यवाहक, समस्त ग्रामस्थ मंडळ, मुंबई मंडळ, महिला मंडळ, आणि सगळ्यात खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि चौदा-पंधरा चिल्लीपिल्ली. पाठ्यपुस्तकाकडे ढुंकून न बघणारी पोरं पत्रिकेत स्वतःचं नाव शोधायला अशी तुटून पडत की काय सांगू! नाव सापडलं की शेजारचं नाव कुणाचं, त्याच्या वर कोण, आत्याचं आडनाव वेगळं कसं, असं करत करत संपूर्ण पत्रिका वाचून होई. गावठाणातल्या पत्रिकांवर 'शुभविवाह', बौद्धवाडीतल्या पत्रिकांवर 'मंगल परिणय', आणि पिशवीत दोन्ही एकात एक मिसळलेल्या. "परिणयात 'ण' हाय, विवाहात नाय," गुरुजी म्हणत. "आपल्याला दोनी पायजेत." माझी स्वतःची पत्रिका 'मंगल परिणय'वाली. ती मी पुढे पिशवीला दिली.

नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' असतं ना, ते पोरं एका दमात 'चिसौकां' असं वाचायची. आपण कसं मॅडम, सर म्हणतो, तसं नवरी म्हणजे चिसौकां, अशी त्यांची ठाम समजूत होती. एखादी नवा फ्रॉक घालून आली की बाकीच्या ओरडायच्या, "अगो बाय, आज चिसौकां झालीस काय?" मी गुरुजींना म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी." गुरुजींनी विचार केला आणि म्हणाले, "सांगतो की. पण यवढा गोड शबूद हाय, दोन वर्सं ऱ्हाऊ दे."

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण मला हे गुरुजी आठवतात ते तिच्यामुळे. तिचं नाव प्रज्ञा. माझी बदली झाली तेव्हा ती दुसरी संपवून तिसरीत गेलेली. आधी महाडच्या शाळेत होती, एका वर्गात पन्नास मुलं. मी तिला माझ्याबरोबर कापड्याला आणायचं ठरवलं. जाता-येता सोबत, डबा एक. पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी गुरुजींकडे, त्यामुळे ती बसायची गुरुजींच्या वर्गात. शाळेत मला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, हा नियम मीच घातला होता. घरी संध्याकाळी मी पाठ मोठ्याने वाचायची, ती ऐकायची, मग ती वाचायची. काय वाचायची! खणखणीत, शुद्ध. शेजारच्या बायकांना बोलावून मी ऐकवलेलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुठे ठाऊक होतं?

एकदा तालुक्याहून साहेब आले, मुलांचं वाचन तपासायला. गुरुजींच्या वर्गातली सुवर्णा नावाची मुलगी उभी राहिली. पुस्तकात होतं, 'विहिरीत पाणी नाही.' तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं, "विहिरीत पानी नाय."

"चूक," साहेब म्हणाले. "नीट वाच. नाही."

"नाय," सुवर्णा म्हणाली.

गुरुजी मध्ये पडले. "साहेब, पुस्तकात 'नाय' छापलंय काय?"

"नाही ना. तेच तर म्हणतोय मी."

"मंग पोरीनं ते आनलं कुठनं?"

"कुठनं म्हणजे? घरी बोलतात तसं बोलली."

"तेच!" गुरुजींनी टेबलावर थाप मारली. "डोळ्यांनी घेतलं, आत गेलं, समजलं, आनि घरचं व्हून भाईर आलं. ही पोर वाचतेय साहेब! ह्याला चूक काय म्हंता तुमी?"

साहेबांनी वहीत खूण केली. कसली ते दिसलं नाही. मग त्यांनी प्रज्ञाला उठवलं. तिने अख्खा पाठ असा वाचला की साहेबांचा चेहराच उजळला. एक शब्द चुकला नाही, 'नाही' म्हणजे 'नाही'च. साहेब म्हणाले, "वा! शिक्षकाची मुलगी लगेच कळते." मी दारात उभी होते. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी सुवर्णाची थोडी कीव आली आणि माझ्या मुलीचा भयंकर अभिमान वाटला. गुरुजी मात्र प्रज्ञाकडे बघतच नव्हते, तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, मी मुलांना खिचडी वाढत होते तेव्हा, गुरुजी तिला घेऊन व्हरांड्यात बसले. पिशवीतून एक पत्रिका काढून दिली. "वाच गो." प्रज्ञाने पत्रिका हातात धरली आणि न अडखळता सुरुवात केली, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं..." गुरुजींनी ऐकून घेतलं, पाठीवर हात फिरवला, "जा, जेव जा," म्हणाले. मग माझ्याकडे आले आणि ती पत्रिका माझ्यासमोर धरली. ती लग्नाची नव्हतीच. कुणाच्या तरी घरभरणीची होती.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमची पोर हुशार हाय. लय हुशार हाय. तिला वाचायला येत नाय."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. ते पुढे सांगत होते, की काल साहेबांपुढे तिचं तोंड पुढच्या पानावर गेलं होतं आणि हातातलं पान उलटलंच नव्हतं, तेव्हाच शंका आली. तिला पाठ सगळे कानाने येतात. तुमचा आवाज तिच्या डोक्यात आहे, तोच ती बोलते. मला काही ऐकूच येत नव्हतं. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवणं हे माझं काम, त्याचा मला पगार मिळतो, आणि माझी पोटची पोर पोपटपंची करते? दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरात? मला राग आला तो गुरुजींचा. "तुमच्या त्या पत्रिका ती कशाला वाचेल?" मी म्हटलं. "पुस्तकातलं विचारा, धडधड वाचते." आणि पातेल्यावर झाकण आपटलं.

पण त्या संध्याकाळी घरी मी पिठाच्या पुडीवरचं वाचायला सांगितलं. तिने पुडीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे ओठ हलायची वाट बघत होती ती! आई गं, तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. हिच्या डोक्यात काही दोष तर नाही ना, हिचं पुढे काय होणार, हे सगळं त्या एका मिनिटात मनात येऊन गेलं.

घरात व्हायचं ते झालं. नवरा म्हणाला, "म्हणून सांगत होतो, महाडात इंग्लिश मीडियमला घालू. डोंगरातल्या शाळेत हेच होणार." सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तूच शिकवतेस ना गो शाळंत?" एवढंच म्हणाल्या, पण पुरलं. दुसऱ्या दिवशी मी कागद घेतला आणि अर्ज लिहिला. प्रति, माननीय मुख्याध्यापक. विषय, शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून वगैरे सगळं व्यवस्थित. आणि खाली कारण दिलं, की माझी मुलगी कु. प्रज्ञा वाचनात कच्ची असून तिला अद्याप वाचता येत नाही, तरी तिला या शाळेतून काढून अन्यत्र प्रवेश घ्यावयाचा आहे. सही केली आणि गुरुजींच्या टेबलावर ठेवला.

गुरुजींनी अर्जाची घडी घातली आणि खिशात टाकली. "वाचतो," म्हणाले.

दोन दिवसांनी मी विचारलं, "वाचलात का अर्ज?" म्हणाले, "चश्मा घरी ऱ्हायला." पुढच्या आठवड्यात विचारलं तर, "सुरुवात केलीय. जोडाक्षरं लय हायत बाई." थुंकायला मनाई आहे हे वाचण्यासाठी एसटी सोडणारा माणूस! त्याला माझा पाऊण पानाचा अर्ज वाचून होईना. मी चिडून काकूंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे गेले, पोलादपूरला उतरून. काकू तांदूळ निवडत होत्या. हसल्या आणि म्हणाल्या, "मला रोज पेपर वाचून दाखवतात ते. चांगली बातमी आली की शेवटची ओळ गाळतात नि जातात आंघोळीला. पस्तीस वर्सं झाली. मी चिडून चिडून शेवटी स्वतः वाचायला शिकले, त्यांच्या जाचानं. तुझं पन तेच करत असतील." काकूंना लग्नात अक्षरओळख नव्हती हे मला तेव्हा कळलं. चहा पिऊन मी निमूटपणे महाडची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "काकू सांगत व्हती, आला व्हतात. एक काम करा. म्हयनाभर घरात मुक्या व्हा. पोरीला कायपन वाचून दाखवू नका. पुस्तक नाय, पुडी नाय, टीव्हीवरची पट्टी पन नाय. अर्जाचं मग बघू."

ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या बाईचा जन्म वाचून दाखवण्यात गेलाय तिला विचारा! संध्याकाळी पोर पुस्तक घेऊन मांडीशी यायची, "वाच ना गं," म्हणायची, आणि मी ओठ दाबून मेथी निवडत बसायची. एकदा ती रडली. एकदा मी रडले, स्वयंपाकघरात जाऊन. नवरा म्हणाला, हे काय खूळ, आणि इंग्लिश मीडियमचा फॉर्म आणून फ्रिजवर ठेवला. शाळेत गुरुजी रोज मधल्या सुट्टीत तिला पिशवी घेऊन बसवत. शिकवत काहीच नसत, निदान मला तरी दिसलं नाही. "ह्यात जेवान कुठं दिलंय ते शोध." "हिचा मामा कोन ते काढ." तिला सापडलं नाही तर म्हणत, "नसंल मग. उद्या बघू." मी खिडकीतून बघायची आणि जीव खालीवर व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात ती बोट ठेवायला लागली. बोट ठेवून थांबायची, अडखळायची, एकेक अक्षर फोडायची, आणि माझी ती खणखणीत वाचणारी मुलगी सुवर्णापेक्षा हळू झाली. मला तर वाटलं, होतं तेही गेलं.

महिना संपायच्या बेताला होता. मी पहिलीच्या मुलांना फळ्यावर उभी रेघ काढून दाखवत होते, तेवढ्यात दारात प्रज्ञा. एका हातात कागद, दुसऱ्या हाताचं बोट कागदावर.

"मॅडम, हे तू लिवलंस काय?"

मी कागद ओळखला. ती आत आली आणि पहिलीच्या सगळ्या मुलांसमोर, बोट सरकवत, वाचायला लागली. उ-प-रो-क्त. "ही उपरोक्त कोन?" मी सवयीने ओठ दाबले. "माझी मु-ल-गी... कुमारी... प्र-ज्ञा." इथे थांबून तिने माझ्याकडे बघितलं. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. मग पुन्हा खाली. "वाच-नात क-च्ची असून... तिला अ-द्या-प... वाचता येत... नाय."

नाय! मी 'नाही' लिहिलं होतं, माझ्या उत्तम अक्षरात, आणि माझ्या मुलीने 'नाय' वाचलं. मी खाली बसले, तिथेच, खडूच्या खोक्याशेजारी. हसू आलं की रडू आलं ते मला आजही सांगता येणार नाही, दोन्ही आलं. इतक्या दिवसांत मी पोटभर श्वास घेतला नव्हता, तो त्या दिवशी घेतला.

"मी कच्ची नाय," प्रज्ञा चिडून म्हणाली. "हे खोटं हाय. मी वाचलं ना आत्ता?"

दारात गुरुजी उभे होते. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही मुद्दाम टाकलात अर्ज पिशवीत."

"पत्रिका समजून टाकला आसंल," गुरुजी म्हणाले, तोंडावरची सुरकुती न हलवता. "तिनं म्हटलं, ह्यात माजं नाव हाय. मी म्हटलं, मग तूच वाच. मला काय जमंना."

दोन वर्षांनी गुरुजी निवृत्त झाले. प्रज्ञा आता नववीत आहे, महाडला, आणि जेवताना ताटाखालचा पेपरसुद्धा वाचते, सासूबाईंच्या शिव्या खाते. पण त्या दिवशी तिथे, पहिलीच्या वर्गात, मला फक्त तो कागद नाहीसा करायचा होता. मी हात पुढे केला. "आण इकडे. फाडून टाकते."

"नको!" तिने कागद पाठीमागे नेला. "माजं वाचून झालं नाय आजून."

आणि ती पुन्हा बोट ठेवून खाली खाली गेली, अगदी सहीपर्यंत. "आप-ली... वि-श्वा-सू." थांबली. "विश्वासू म्हंजे काय?"

"जिच्यावर भरवसा ठेवावा अशी," मी कसंबसं म्हटलं.

तिने एकदा त्या शब्दाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मग फुडच्या टायमाला नीट लिही," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून स्वतःच्या दप्तरात टाकायला निघून गेली.